आत्याबाईंच्या नावावरचा गॅस

गॅसची टाकी किती पुरली हे आमच्या घरात कुणी दिवसांनी मोजलं नाही. सणांनी मोजलं. "पोळ्याले लावली हाय, दसऱ्याच्या आत बोंबलते पाहा," असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, आणि टाकी दसऱ्याच्या आत बोंबलायचीच. आम्ही तिघी सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांचे तीन मुलगे, आम्ही तिघी, आमची पोरं, कापूस वेचायच्या दिवसांत येणारे-जाणारे पाहुणे, एवढं सगळं खटलं त्या एका टाकीवर जेवायचं. गाव आदिलाबादकडच्या गुडीहत्नूरहून आत, हायवे सोडून. टाकी संपत आली असं वाटलं की आत्याबाई ओलं फडकं तिच्या अंगावरून फिरवायच्या. जिथवर गॅस असेल तिथवर ओल टिकते, वरचा भाग लवकर सुकतो. सुकलेल्या रेघेवर बोट ठेवून त्या आमच्या तिघींकडे अशा बघायच्या, जणू आम्हीच तो गॅस चोरून प्यायलो.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात गॅस नव्हता. पऱ्हाट्या होत्या. कापूस निघून गेला की उरलेली झाडं उपटून अंगणात रचायची आणि वर्षभर जाळायची, हीच सगळ्या गावाची रीत. ज्याने पऱ्हाटीवर भाकरी केली नाही त्याला तिचा छळ कळायचा नाही. भडकते लगेच, विझतेही लगेच. एका बाईने भाकरी थापायची आणि दुसरीने नुसतं चुलीपुढे बसून जाळ घालत राहायचं. मी घरात एकटीच सून होते तोवर आत्याबाई थापायच्या आणि जाळ घालणारी मी होते. नंतर जावा आल्या आणि मला बढती मिळून मी थापणारी झाले. संसारात एवढीच काय ती माझी प्रगती, असं मी गमतीने म्हणायची.

आदिलाबाद तेव्हा आंध्रात होतं. बचतगटातल्या बायांना गॅस द्यायचा अशी योजना निघाली, आणि आमच्या घरातून गटात आत्याबाईच होत्या म्हणून गॅस त्यांच्या नावावर आला. टाकी घरात आली त्या दिवशी त्यांनी तिला हळदकुंकू लावलं. शेगडीवर पहिलं दूध ठेवलं आणि ते उतू जाऊ दिलं. आमच्याकडे नवी चूल मांडली की असंच करतात. दूध उतू गेल्याशिवाय ती चूल चूल होत नाही, आणि एकदा झाली की ती उगाच मोडायची नसते. मांडलेली चूल मोडली तर घरातलं माणूस जातं, असं त्या म्हणायच्या. मधल्या दिराने त्यांची थट्टा केली. "माय, आता टाकीले एक हारच घाल." त्यांनी त्याला झाऱ्याने मारल्यासारखं केलं. पण खूश होत्या. सरकारने आपल्याला नावाने ओळखलं, फोटो लावला, याचं त्यांना मोठं अप्रूप होतं.

सुरुवातीला गॅसवर फक्त चहा व्हायचा, तोही पाहुण्यांचा. मग भाजी होऊ लागली. मग पावसाळ्यात पऱ्हाट्या भिजल्या म्हणून वरण. भाकरी गॅसवर नाही, असं आत्याबाईंनी ठणकावून सांगितलं होतं. ज्वारीच्या भाकरीला आर लागतो, निळी फडफड नाही. पण सवय फार वाईट. एका उन्हाळ्यात त्यांचेच डोळे आले आणि भाकरीही आत गॅसवर सरकली. तेव्हापासून टाकी पुरेना. संपली की भांडण. मधली जाऊ अंघोळीचं पाणी तापवते, धाकटी दूध तासभर उकळत ठेवते, मी बटण बारीक करत नाही, असे आळीपाळीने आरोप. मी काही गप्प बसणारी नव्हते, मीही सुनवायची. पण संध्याकाळी ताटं एकाच रांगेत लागायची, हे खरं. पोरींच्या सोयरिकीसाठी लोक यायचे ते पहिला प्रश्न विचारायचे, "किती चुली?" आत्याबाई पदर सावरून म्हणायच्या, "एक." त्या एका शब्दावर त्या जगत होत्या. तिघांनी एका चुलीवर जेवावं, आपण वाढावं, यापलीकडे त्यांनी देवाकडेही काही मागितलं नसेल.

मग राज्य वेगळं झालं. तेलंगण आलं. त्याच पावसाळ्यात सरकारने ठरवलं की एका दिवसात सगळ्या राज्यातली घरं मोजायची. त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या घरी हजर राहायचं. हैदराबादला, नांदेडला, कुठे कुठे गेलेली माणसं गाड्या भरभरून गावी आली. आणि गावात बातमी फिरली की जितक्या चुली तितकी कुटुंबं. प्रत्येक चुलीला वेगळं कार्ड, वेगळा गॅस. म्हातारं माणूस एकटं जेवत असेल तर त्याला पेन्शन. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, कुणास ठाऊक. पण गाव पेटलं. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेले भाऊ वेगळे निघाले. ज्यांना वेगळं व्हायचं होतं ते तर झालेच, ज्यांना नव्हतं तेही झाले.

आमच्या घरात हा उद्योग माझ्या नवऱ्याने अंगावर घेतला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो हा. त्याने सगळ्यांना बसवून पाठ करून घेतलं. आम्ही वेगळे, मधला वेगळा, धाकटा वेगळा. आणि माय सगळ्यांत वेगळी, एकटी. आत्याबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "अन् मी एकटी काऊन?"

"एकटी म्हनलं त तुले पेन्शन भेटते, माय. एका दिवसाची त गोठ हाय."

"खोटं बोलाव का मंग सरकारसंग?"

"खोटं कायचं? सारं गाव बोलून राह्यलं. फक्त अडखळू नको. अडखळली त त्यायले समजते, मंग आमाले धरतीन."

मी मधे पडले. म्हटलं, म्हातारीला कशाला गोवता, तिची तिच्या तोंडाने चूल वेगळी करता, काही वाटतं का? नवरा म्हणाला, तुला व्यवहार कळत नाही. तो वाक्य नेहमी इथेच संपवायचा.

मोजणीच्या दिवशी घरात चार ठिकाणी जाळ झाला. पडवीत माझी चूल, गोठ्याशेजारी मधलीची, धाकटीने रॉकेलचा स्टोव्ह काढला. गॅस आत्याबाईंच्या नावावर, म्हणून आतलं स्वयंपाकघर त्यांचं. सोंगच होतं, पण आत्याबाईंनी सोंगातही रीत सोडली नाही. प्रत्येक चुलीवर स्वतः येऊन दूध ठेवलं, उतू जाऊ दिलं, कुंकू लावलं. माझ्या चुलीपाशी आल्या तेव्हा मी म्हटलं, "आत्याबाई, राहू द्या हे, उद्या तर मोडायचीच आहे." त्या दूध वर येईपर्यंत तिथेच उकिडव्या बसून राहिल्या.

लिहायला आलेले गुरुजी तेलुगू बोलणारे, भले माणूस. सकाळपासून घरं करून दमले होते. पाणी मागितलं, बाजेवर बसले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "अम्मा, आप किसके साथ खाते?"

आत्याबाईंनी तिन्ही मुलांकडे एकेकदा पाहिलं. मला वाटलं आता खरं सांगतील. वाटलं, सांगावंच.

"एकटीच खातो," त्या म्हणाल्या. "गॅस बी माहाच हाय."

अडखळल्या नाहीत. गुरुजींनी लिहिलं, दाराला चिठ्ठी चिकटवली आणि पुढच्या घरी गेले.

संध्याकाळी मी पडवीतला पसारा आवरला आणि नेहमीसारखी आत भाकरी टाकायला गेले, तर आत्याबाईंची भाकरी झाली होती. एक. तव्याशेजारी एकच ताट. "तुमची चूल तिकडं हाय," त्या म्हणाल्या. नवरा हसला. "माय, झालं आता. नाटक होतं ते." त्यांनी वर पाहिलंही नाही. "मी नाटकवाली नोहो. तुमी आपापलं करा."

दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानेही तेच. गॅसला कुणाला हात लावू देईनात. पोरं आत धावली तरी हाताला धरून बाहेर आणायच्या. आम्ही समजलो, राग आहे. मुलांनी आपल्याला वेगळं काढलं याचा सूड घेत आहेत. मलाही राग यायचा. म्हातारीने एवढं ताणावं? रुसवा किती दिवसांचा, म्हणून आम्ही वाट पाहिली. वाट पाहता पाहता मधलीने आपल्या चुलीपुढे कूड घातला. धाकटीने मीठमिरची कडीकुलपात ठेवली. ज्या भांडणाला पूर्वी संध्याकाळच्या रांगेत पूर्णविराम मिळायचा, त्याला आता मिळेना. पुढे तिघींच्या नावावर तीन गॅस आले, तिन्हींवर तीन वेगळी दुधं उतू गेली, आणि सोंग कधी संपलं, घर कधी मोडलं, याची सीमारेषा आज मला दाखवता यायची नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा फार झोंबायची. घरात परका माणूस आला, वीजबिलवाला असो की दवाखान्याची बाई, आत्याबाई उठून आपला गॅस पेटवायच्या. पोटात भूक असो-नसो, एखादं भांडं ठेवायच्याच. चारचौघांत आमचं नाक कापायला करतात, असं मी जावेला म्हटल्याचं आठवतं.

मग एका दसऱ्याला जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. मधला दीर भैंशाला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला होता, बायकापोरं तिकडेच नेली होती. भैंसा निर्मल जिल्ह्यात गेलं. धाकटा हैदराबादला गेला. आम्ही पोरांच्या शिक्षणासाठी आदिलाबादेत दोन खोल्या घेतल्या. आत्याबाई चला म्हटलं तर नको म्हणाल्या. गावात त्या राहिल्या, आणि त्यांचा गॅस.

त्या गॅसचा नंबर लावायचं काम मात्र माझ्याकडे होतं, कारण फोन माझा जोडलेला होता. टाकी संपली की त्या शेजारणीकडून निरोप द्यायच्या, मी शहरातून नंबर लावायची, गावात गाडी जायची. म्हणून मला कळत गेलं. ज्या नावावर पोळ्याची टाकी दसऱ्याला जात नव्हती, त्याच नावावर ती आता दिवाळीला लावली की होळी यायची. मग संक्रांतीची पोळ्यापर्यंत गेली. मला सुरुवातीला कौतुक वाटलं, म्हातारी काटकसरी आहे. कौतुकात मी जावांना फोन करून सांगितलंही. माणूस कमी जेवायला लागलं की त्याला काटकसर म्हणायची आपली पद्धत आहे.

त्याच सुमारास शहरात बायकांचा एक मेळावा झाला. स्टेजवरचा माणूस आनंदाने सांगत होता की आता घरोघर गॅस पोचला, दरवर्षी गॅसचा वापर वाढतो आहे, बायांचे डोळे वाचले. खोटं नव्हतं ते. माझेही डोळे वाचले. पण मी खुर्चीत बसून आमचाच हिशेब करत होते. पूर्वी एक टाकी होती, आता चार. माणसं तेवढीच, उलट दोघी पोरी लग्न होऊन गेल्या. एका पातेल्यातलं वरण चार पातेल्यांत शिजतं, चहा चारदा होतो, चार तवे वेगळे तापतात. जाळ जास्त, जेवणारी कमी. तिकडे कुणीतरी त्या वाढीची रेघ वर चढताना बघून खूश होत असेल. मला उठून बोलावंसं वाटलं. नाही उठले. बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि मिळालेला नाश्ता पिशवीत घालून घरी आणला.

मग एक दिवाळी अशी आली की फराळाचं करताना माझ्या लक्षात आलं, मागच्या दिवाळीनंतर गावचा नंबर लावलाच नाही. वर्षभरात निरोपच नाही. मी कढई उतरवली, बस धरली, गुडीहत्नूरला उतरून ऑटोने गावात गेले.

आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. लुगड्यात माणूस कमी आणि लुगडं जास्त. मी सरळ आत गेले आणि टाकी हलवली. जड होती. पूर्वी ती हलकी लागली की मी घाबरायची, त्या दिवशी जड लागली म्हणून घाबरले.

"खाता काय तुमी?" मी ओरडलेच.

"करतो ना भाकर. दोन दिसाची एकदाच करतो. पाण्यात कुस्करली का उतरते. एकटीसाठी काय पेटवाचं घडीघडी?"

शेजारीण म्हणाली की ती कितीदा ताट घेऊन आली, आत्याबाई घेत नाहीत. म्हणतात, माहं माहं असते. मी त्यांना खूप बोलले. एवढा कसला राग, म्हटलं. म्हटलं, पोरांनी एक चूक केली तर तुम्ही उपाशी राहून त्यांना फाशी देणार का? बोलता बोलता रडायला आलं. त्या माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. अंगात ताप होता म्हणून जास्त विरोध करता आला नाही. मी त्यांना उचलूनच शहरात आणलं म्हणा. ऑटोत बसल्यावरही त्या वळून वळून दाराच्या कुलपाकडे बघत होत्या.

आमच्याकडे त्या जेवल्या. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी, मग एक. मला आशा वाटू लागली. मी दोन्ही दिरांना फोन केले, म्हातारी आपल्यात जेवतेय म्हणून सांगितलं. धाकटा म्हणाला, वैनी, मी येतो. आणि ताप उतरला त्या दुपारी, जेवायला बसायच्या वेळी बघते तर त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

"काऊन चालल्या, आत्याबाई? काही चुकलं का माहं?"

"तुहं काई नाई चुकलं, बाई. घराले कुलूप हाय तिकडं. पाह्यलं त विचारतीन."

"कोण विचारतीन?"

"सरकारवाले. एकटी राह्यते, एकटी खाते, असं लिहून नेलं ना त्या गुरुजीनं. पाहाले आले अन् मी इथं तुमच्यात जेवून राह्यली, त खोटं निंगन. मंग यालेच धरतीन पह्यले. यानंच शिकोलं होतं." त्यांनी ताटावर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे मान केली. "अन् त्या दोघायलेही नेतीन. म्हून म्या कोनाले जोळ येऊ देलं नाई."

त्यांचं माहेर इंद्रवेल्लीकडचं. तिथे सभेला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या, ते त्यांनी पोरं लहान असताना ऐकलं होतं, आणि सरकार म्हणजे काय याबद्दल त्यांना पुढे कुणी वेगळं काही सांगितलंच नव्हतं. आम्ही ज्याला राग म्हणत होतो तो राग नव्हताच. पोरांचं खोटं पकडलं जाऊ नये म्हणून ही बाई ते रोज खरं करत बसली होती. जिने आयुष्यात एक चूल मागितली, तिने चार राखल्या. मला स्वतःचा नाही, नवऱ्याचाही नाही, सगळ्याचाच संताप आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

नवऱ्याचा घास हातातच होता. "माय," तो म्हणाला. "कोनी पाहाले येत नाई व. तवाही कोनी आलं नाई. असं कोनाले धरत नसते."

"कोनीच नाई येत?"

"कोनीच नाई."

आत्याबाई पिशवीशेजारी खाली बसल्या. त्याच्याकडे बघू लागल्या, लहानपणी त्याने काही फोडलं-तोडलं की बघत असतील तशा.

"मंग मी इतके वर्सं उगीच एकटी जेवली का रे?"

तो ताटावरून उठला आणि हात न धुता बाहेर गेला. मी आत्याबाईंचं ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते हलकेच बाजूला सारलं आणि भूक नाही म्हणाल्या.